काढण्याची विद्या

आपल्याकडे नवी वस्तू बसविण्याचा समारंभ होतो, जुनी काढण्याचा होत नाही. संगणक विभागात नवा सर्व्हर आला की नारळ फुटतो, हळदकुंकू वाहिले जाते, प्राचार्य दोन शब्द बोलतात, छायाचित्र निघते आणि ते पुढच्या वार्षिक अंकात छापूनही येते. पाच-सहा वर्षांनी त्याच सर्व्हरमधील डिस्क एकामागून एक काढण्याची वेळ येते, तेव्हा तेथे असतो एखादा प्रयोगशाळा सहायक, त्याच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर, आणि दारातून विचारलेला एकच प्रश्न : "किती वेळ लागेल?" माहितीचा साठा टिकणार की जाणार हे बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रसंगी ठरते, असे माझे मत आहे. प्रस्तुत लेखात तेच मांडावयाचे आहे.

मी याच महाविद्यालयाचा जुना विद्यार्थी. गेली काही वर्षे हैदराबादेतील एका संस्थेत माहितीसाठ्याची देखभाल करतो. विषय यंत्राचा असला तरी कला शाखेच्या वाचकांनी लगेच पान उलटू नये. कारण शेवटी प्रश्न त्यांच्या पुस्तकांचाही आहे.

एका संगणकात एक डिस्क, ती गेली की सर्व गेले, हा जुना काळ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे. १९८८ साली बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी स्वस्त डिस्कांचा संच जोडून त्यातील एखादी बिघडली तरी काम चालावे अशी रचना मांडली. तीच 'रेड'. परंतु तो संच एकाच पेटीत असे; पेटीच जळाली तर काय, हा प्रश्न उरलाच होता. २००३ साली गूगलने आपली पद्धत प्रसिद्ध केली : फाइलचे ६४ मेगाबाइटचे तुकडे करावयाचे आणि प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती निरनिराळ्या यंत्रांवर ठेवावयाच्या. पुढे २००६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील सेज वाइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सेफ' नावाच्या प्रणालीवर निबंध वाचला. हे नाव 'सुरक्षित' या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून आलेले नाही. ऑक्टोपस ज्या वर्गात मोडतो त्या 'सेफालोपॉड' या प्राणिवर्गावरून ते घेतलेले आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण नाव ऐकूनच निर्धास्त झालेले लोक मी पाहिले आहेत.

या प्रणालीची खुबी अशी की कोणता तुकडा कोठे ठेवला याची मोठी खतावणी तेथे नसते. सर्व सर्व्हर आणि डिस्क यांचा एक नकाशा असतो, आणि तुकड्याची जागा त्या नकाशावरून गणिताने काढली जाते. गणित प्रत्येकाला येते, नकाशा प्रत्येकाजवळ असतो. म्हणून कोणालाही कोणाला विचारत बसावे लागत नाही. पण यातूनच पुढची अडचण निघते. लग्नाच्या पंगतीतला एक पाहुणा उठला तर बाकीच्यांची पाने जागच्या जागी राहतात. येथे एक डिस्क नकाशातून उठली की गणिताचे उत्तर बदलते, आणि इतरांच्या पानांवरचेही थोडे थोडे इकडून तिकडे सरकू लागते. डिस्क काढणे म्हणजे चार स्क्रू फिरविणे नव्हे, ते याचमुळे. ती काढण्याचा अर्थ साऱ्या घराची नव्याने वाटणी करणे असा आहे.

नवख्याचा गोंधळ पहिल्याने होतो तो दोन शब्दांत. डिस्क 'बंद' असणे वेगळे आणि 'बाहेर' असणे वेगळे. कचेरीतला एक कारकून रजेवर आहे आणि दुसऱ्याने राजीनामा दिला आहे. टेबल दोघांचेही रिकामेच दिसते, पण पहिल्याचे काम कोणी वाटून घेत नाही, दुसऱ्याचे घ्यावेच लागते. सेफमध्ये डिस्क बंद पडली तर प्रणाली साधारणपणे दहा मिनिटे वाट पाहते. तेवढ्यात ती परतली तर मधल्या काळात चुकलेले तेवढेच लिहून घेते आणि कामाला लागते. न परतल्यास तिचा राजीनामा समजून तिच्या वाट्याच्या प्रती इतर डिस्कांवर नव्याने तयार होऊ लागतात. सर्व्हरची नुसती केबल बदलावयाची असेल तर ही पळापळ व्यर्थ, म्हणून तेवढ्यापुरती 'कोणालाही बाहेर समजू नये' अशी सूचना देण्याची सोय आहे. सोय चांगली, पण काम संपल्यावर ती सूचना मागे घ्यावयाची राहिली, तर उद्या खरोखर मेलेली डिस्कही रजेवरच धरली जाते आणि कमी झालेली प्रत कोणी भरून काढीत नाही.

डिस्क कायमची काढावयाची असेल तर शहाणपणाचा क्रम ठरलेला आहे. प्रथम नकाशातील तिचे वजन शून्यावर आणावे. म्हणजे डिस्क चालूच राहते, पण तिच्यावरचे सामान हळूहळू दुसरीकडे जाते. कित्येक जण प्रथम तिला नुसते 'बाहेर' करतात आणि मागाहून नकाशातून खोडतात; त्यात त्या सर्व्हरचे वजन दुसऱ्यांदा बदलते आणि सामान दोनदा हलते. सर्व तुकडे पुन्हा पूर्ण आणि स्वच्छ आहेत असा निर्वाळा मिळेपर्यंत थांबावे. मग प्रणालीलाच विचारावे की हिला नष्ट करणे निर्धोक आहे काय. 'होय' आल्यावर सेवा थांबवावी, नाव खोडावे आणि सर्वांत शेवटी स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यावा. हडूपमध्येही हीच रीत आहे : यंत्राचे नाव प्रथम वगळण्याच्या यादीत घालावयाचे, त्याच्यावरील तुकड्यांच्या प्रती इतरत्र तयार झाल्या की मगच ते सेवानिवृत्त म्हणून जाहीर होते.

परत घालण्याचीही शिस्त आहे. जुनी डिस्क दुरुस्त होऊन आली तरी ती काल जेथून उठली तेथे जाऊन बसणार नाही. तिच्यावरचे जुने शिक्के पुसून, कोरी करूनच तिला आत घ्यावयाचे. नाहीतर जुने लेबल आणि नवा नकाशा यांचा मेळ बसत नाही. बिघडलेलीच्या जागी तेवढ्याच आकाराची नवी बसवावयाची असेल, तर जुना क्रमांक राखून तोच नवीला द्यावा. नकाशा बदलत नाही आणि सामान कमी हलते. नवीचे वजनही एकदम पूर्ण न देता पायरीपायरीने वाढवावे. नव्या सुनेच्या हाती पहिल्याच दिवशी साऱ्या घराच्या किल्ल्या आणि पन्नास माणसांचा स्वयंपाक देऊ नये, तसेच हे.

'किती वेळ लागेल?' याचे उत्तर आता अंकांत देतो. १२ टेराबाइटची डिस्क पाऊण भरली असेल तर तिच्यावर ९ टेराबाइट माहिती असते. सेकंदाला १०० मेगाबाइट या गतीने ती हलविण्यास ९०,००० सेकंद, म्हणजे बरोबर २५ तास लागतात. पुष्कळ डिस्कांनी मिळून काम केले तर वेळ कमी होतो. पण त्याच डिस्कांवर वाचक आणि अभ्यासकही काम करीत असतात, म्हणून गतीला मुद्दाम लगाम घालावा लागतो. तेव्हा साहेबांना द्यावयाचे प्रामाणिक उत्तर 'एक दिवस' असे आहे, 'एक तास' असे नाही.

मी पाहिलेला एक प्रसंग येथे सांगण्यासारखा आहे. संस्थेच्या नावाची जरुरी नाही. दोन निरनिराळ्या सर्व्हरमधील दोन डिस्क जुन्या झाल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी पाहुणे यावयाचे होते. वरिष्ठ म्हणाले, "अहो, तीन प्रती आहेत ना? मग दोन्ही आताच काढल्या तर बिघडले कोठे? एक प्रत उरतेच की!" आमचे एक वडीलधारे सहकारी, जन्माने शाहअलीबंड्याचे, त्यांनी शांतपणे उत्तर दिले : "जल्दी नक्को साब. एक आज, दूसरी बाद में." (हा 'नक्को' म्हणजे आपलाच 'नको', दखनीने तो घरचा करून घेतला आहे.) एकीचे वजन शून्य केले आणि आम्ही थांबलो. त्याच रात्री तिसऱ्या एका सर्व्हरमधली, कोणाच्या ध्यानीमनी नसलेली डिस्क आपणहून गेली. संध्याकाळी त्या दोन उपटल्या असत्या, तर ज्या तुकड्यांच्या तिन्ही प्रती नेमक्या या तीन डिस्कांवर होत्या, ते तुकडे कायमचे गेले असते. असे तुकडे थोडेच असतील. पण अशा एका गटात हजारो फाइलींचे अंश असतात. उलट, जी डिस्क आम्ही रिकामी करीत होतो ती अजून चालू होती, तिच्यावरची प्रत वाचता येत होती, म्हणून काहीच हरवले नाही. पाहुणे आले, चहा पिऊन गेले. रिकामा सर्व्हर न पाहिल्याची खंत त्यांच्यापैकी कोणी व्यक्त केल्याचे ऐकिवात नाही.

दुसरा प्रश्न जागेचा. समजा चार सर्व्हर घेतले, प्रत्येकात १२ टेराबाइटच्या सहा डिस्क. खरेदीच्या कागदावर २८८ टेराबाइट दिसतात. तीन प्रतींमुळे वापरावयास ९६ उरतात. आता एक संपूर्ण सर्व्हर बसला तर बाकीच्या तिघांत सर्व मावले पाहिजे, आणि डिस्क ८५ टक्क्यांच्या वर गेली की सेफ इशारा देऊ लागते, ९५ टक्क्यांना तर लिहिणेच थांबविते. या दोन्ही अटी पाळल्या तर निर्धास्तपणे वापरण्याजोगे सुमारे ६१ टेराबाइटच राहतात. मंजुरी देणाऱ्यास ही उधळपट्टी वाटते. "एवढी जागा रिकामी पडली आहे, मग नवी कशाला?" असे टिपण फाइलीवर येते.

हैदराबादकरांना तरी रिकाम्या जागेचे मोल कोणी सांगावयास नको. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला आणि शहर उद्ध्वस्त झाले. त्यानंतर निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना बोलाविले. कन्नड विभागातील मित्रांना त्यांचा अभिमान आहेच, आणि पुण्यात शिकून मुंबई इलाख्यात नोकरी केलेले म्हणून आम्हा मराठी मंडळींनाही ते परके नाहीत. त्यांच्या योजनेतून उस्मानसागर १९२० साली आणि हिमायतसागर १९२७ साली पूर्ण झाले. पूर अडविणाऱ्या तलावाने पुराआधी काठोकाठ भरलेले असून चालत नाही. पुढच्या पाण्यासाठी त्यात जागा राखावी लागते. डिस्क बिघडते तेव्हा साठ्यात आतल्या आतच एक पूर येतो, आणि त्यालाही जागा लागते. ती आधीच विकून खाल्लेली असेल तर दोष डिस्कचा नव्हे.

येथे कोणी म्हणेल, हा सारा उद्योग हवा कशाला? सर्व काही क्लाउडवर टाकावे. ॲमेझॉनने नोव्हेंबर २०२२ मध्ये हैदराबादेत आपले केंद्र सुरू केलेच आहे. आक्षेप रास्त आहे, पण अर्धाच. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतील डिस्क. तेथेही त्या झिजतात, तेथेही कोणीतरी त्या काढतो आणि घालतो. तो 'कोणीतरी' आपल्या महाविद्यालयातून का जाऊ नये? शिवाय लहान ग्रंथालयांचे, परिषदांचे, विभागांचे स्कॅन केलेले साहित्य आजही त्यांच्याच कपाटाशेजारच्या यंत्रात आहे आणि अजून बराच काळ तेथेच राहणार आहे.

कला शाखेच्या वाचकांना थांबविले होते ते यासाठी. या शतकाच्या पहिल्या दशकात 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या प्रकल्पात जुन्या पुस्तकांची लक्षावधी पाने स्कॅन झाली. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि आपल्या गचीबावलीची ट्रिपल-आय.टी. यांचा त्यात मोठा वाटा होता. तेलुगू-उर्दूबरोबर मराठी आणि कन्नड पुस्तकेही त्यात होती. प्रकल्पाचे ते मूळ संकेतस्थळ आज चालू नाही. तरीही त्यातील चार लाखांहून अधिक पुस्तके आज वाचता येतात, कारण त्यांच्या प्रती वेळीच इंटरनेट आर्काइव्ह या दूरच्या, वेगळ्या संस्थेत ठेवल्या गेल्या. एका घरातील तीन प्रती डिस्कच्या मरणापासून वाचवितात. घरच बंद झाले, किंवा कोणी चुकीची आज्ञा देऊन पुस्तक पुसले, तर तिन्ही एकदमच जातात. तेव्हा दुसऱ्या घरातील प्रत हवीच.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली, संगणक विभागाने भंगारात जाणारे चार जुने संगणक जोडून एक साठा उभारावा आणि विद्यार्थ्यांकडून त्यातील डिस्क रीतसर काढवून पुन्हा घालवून घ्यावी. एकदा ती मुद्दाम बेरीतीने उपटून काय होते तेही पाहू द्यावे. उभारणीला दहा गुण असतील तर काढण्याला वीस असावेत. दुसरी, खरेदीच्या प्रत्येक टिपणात राखीव रिकामी जागा आणि दुसऱ्या गावी ठेवावयाची प्रत यांचा खर्च पहिल्याच दिवशी धरावा. तिसरी मागणी बिनखर्चाची आहे : पाहुणे, परीक्षा आणि तपासणी यांच्या आदल्या दिवशी कोणीही डिस्कला हात लावावयास सांगू नये, आणि सांगितलेच तर सहायकाला 'नको' म्हणण्याचा अधिकार लेखी असावा. विभागप्रमुखांनी एवढे एक पत्र काढले तरी पुरे. त्यासाठी नारळाची जरुरी नाही.