चार हजारांची येझदी

मालेगावला खालाच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये एक येझदी रोडकिंग उभी आहे. १९८७ सालची. खालूंनी ती नवी घेतली होती आणि पंचवीस-सव्वीस वर्षे तिच्यावरून कापडाचे तागे वाहिले. २०१३ मध्ये त्यांची तब्येत ढासळली आणि गाडी शेडमध्ये गेली. पुढच्या वर्षी खालू गेले. तेव्हापासून तिच्यावर आधी ताडपत्री पडली, मग जुन्या गोधड्या, आणि आता सीटवर कोंबड्या बसतात. गेल्या ईदला मी गेलो तेव्हा खाला म्हणाली, "ले जा बेटा. भंगारवाला चार हजार देतोय, त्यापेक्षा तू दे आणि घेऊन जा. घरातली चीज घरात राहील."

मी त्या रात्री झोपलो नाही. खिशात पैसे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी छोटा टेम्पो करून गाडी पुण्याला नेता आली असती. ती मी नेली नाही. का नेली नाही, आणि आता काय ठरवले आहे, ते इथे लिहितो. कारण जुनी गाडी घेऊन 'बनवायची' ही हौस आपल्या वयाच्या पोरांमध्ये जोरात आहे. आरएक्स १००, राजदूत, बुलेट, येझदी यांपैकी एखादी कुणाच्या तरी अंगणात सडत असल्याची खबर प्रत्येक ग्रुपवर येत असते. गंजलेली गाडी एका मिनिटात चकाचक होणारी रील आपण सगळ्यांनी पाहिली आहे. त्या मिनिटात आरटीओची रांग दिसत नाही आणि गाडी कुणाची होती हेही कळत नाही.

सुरुवात कागदांपासून करू, कारण इंजिन दुरुस्त होते, कागद नसले तर ते कुठलाही मिस्त्री बनवून देऊ शकत नाही. दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी ती नूतनीकरण करून घ्यावी लागते. त्यासाठी फॉर्म २५ असतो, आरटीओत गाडीची तपासणी होते, पर्यावरण कर भरावा लागतो आणि मुदत उलटून गेली असेल तर विलंबाचे पैसे वेगळे. खालूंच्या गाडीची मुदत २०१२ मध्येच संपली आहे. नंबर 'एमएच'च्या आधीचा, जुन्या तीन अक्षरी मालिकेतला. अशा गाड्यांची नोंद बऱ्याचदा ऑनलाइन दिसत नाही, मग आरटीओत जाऊन जुन्या रजिस्टरवरून ती चढवून घ्यावी लागते. गाडी दुसऱ्या जिल्ह्यात न्यायची तर फॉर्म २८ वर ना-हरकत आणि विक्रीसाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. शेवटी उच्च सुरक्षा नंबर प्लेट, विमा आणि पीयूसी आहेच.

काही मित्र म्हणतात, 'व्हिंटेज'मध्ये नोंदव, झंझट मिटेल. २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात असलेल्या गाड्यांनाच मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आहे आणि तशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. १९८७ ची गाडी तिथे पोचायला २०३७ उजाडेल.

फ्रेमवरचा चेसिस नंबर आणि इंजिनवरचा नंबर घासून-पुसून आरसी बुकाशी स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा. इंजिन बदललेले आणि बुकात तशी नोंद नाही, असे खूप सापडते. गाडी चोरीची आहे का, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' सेवेवर तपासता येते. चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसे वाटायला कारण असताना तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. आणि 'फार स्वस्त मिळाली' ही सफाई होत नाही, उलट संशयाचे कारण होते. रात्रीच्या नाकाबंदीत आपल्या मोहल्ल्यातला वीस वर्षांचा पोरगा बिनकागदाच्या गाडीवर सापडला, तर 'शौक आहे साहेब' हे उत्तर किती चालते, ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही. बुकच नसेल तर गाडी कितीही देखणी असो, हात जोडून परत फिरा.

खालाकडे बुक होते. लोखंडी कपाटात, खालूंच्या चष्म्याच्या घरासोबत. दोन्ही नंबर जुळले.

मग इंजिन. पुण्यात माझ्या ओळखीचे एक उस्ताद आहेत. चाळीस वर्षे टू-स्ट्रोक गाड्यांवर काम केलेले. त्यांना फोटो पाठवले. त्यांनी पहिले सांगितले ते हे, की किक मारू नकोस. बारा-तेरा वर्षे उभ्या गाडीचा पिस्टन सिलिंडरला धरलेला असतो. जोर लावला तर जे वाचले असते तेही तुटते. प्लग काढून आत थोडे ऑइल सोड, चार-सहा दिवस थांब, मग गाडी गिअरमध्ये टाकून मागचे चाक हळू पुढे-मागे हलव. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवा आधी क्रँककेसमध्ये येते आणि तिथून वर जाते, म्हणून क्रँकचे ऑइल सील घट्ट असावे लागतात. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की ते रबर वाळून कडक होते. इंजिन कसेबसे चालू झाले तरी सील बदलल्याशिवाय विश्वास ठेवता येत नाही. टाकीत गंज, कार्बोरेटरमध्ये वाळलेल्या पेट्रोलचा चिकट थर आणि उंदरांनी खाल्लेले वायरिंग हे धरूनच चालायचे.

येझदी मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात बनायची. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. २०२२ मध्ये येझदी नावाने नव्या गाड्या आल्या, पण त्यांचे इंजिन फोर-स्ट्रोक आणि पाण्याने थंड होणारे. त्यांचे पार्ट जुन्या रोडकिंगला लागत नाहीत. जुने पार्ट मिळतात ते जुन्या साठ्यातले, दुसऱ्या गाडीचे काढलेले, किंवा नंतर कुणी बनवलेले. शेवटच्यांत चांगलेही असतात आणि महिन्यात झिजणारेही. फरक उस्तादाच्या बोटांना कळतो, आपल्याला नाही.

उस्तादांनी चिठ्ठीवर हिशेब मांडून दिला. बोअर, नवा पिस्टन, क्रँक, सील आणि क्लच प्लेट यांचे २५ हजार. रंग आणि क्रोम २० हजार. टायर, वायरिंग, केबल, सीट, बॅटरी १५ हजार. बेरीज ६०. खाली त्यांनी लिहिले, "दीडपट धर." म्हणजे ९० हजार. गाडीची किंमत आणि आरटीओ वेगळे. एवढ्यात आज शोरूममधून नवी १२५ सीसी गाडी येते, ती पहिल्या सेल्फला चालू होते आणि धूरही करत नाही.

म्हणून कामावर जायला गाडी हवी असेल तर जुनी घेऊ नका. बनवून विकून फायदा काढायचा असेल तरी घेऊ नका. तो फायदा ज्याचे स्वतःचे गॅरेज आहे त्यालाच होतो. अब्बांनी मला सरळ विचारले, ही फुजूलखर्ची नाही तर काय? त्यांचा प्रश्न टाळता येणार नाही, कारण माझ्या हातून एक गाडी आधीच मेली आहे. कॉलेजात असताना मी आठ हजारांत राजदूत घेतली होती. एका सुट्टीत पूर्ण खोलली, पार्ट पोत्यांत भरले आणि परीक्षा आल्या. मग नोकरी आली. चार वर्षे ती पोती जिन्याखाली पडून होती, अम्मी रोज ओलांडून जायची. कुठला बोल्ट कुठला, हे मी विसरलो होतो. शेवटी किलोच्या भावाने गेली. ज्याने मला ती विकली त्याच्याकडे ती निदान गाडी तरी होती.

ती नक्कीच फुजूलखर्ची होती. पण त्याला कारण राजदूत जुनी असणे हे नव्हते. मी एकटा होतो, शिकवणारे कुणी नव्हते आणि मी वेळ ठरवला नव्हता. आपल्या मोहल्ल्यांत हाताने गाडी जिवंत करणारे मिस्त्री पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आवाज ऐकून आजार सांगणारे. त्यांच्याकडे आज शागिर्द येत नाहीत. त्यांची स्वतःची मुलेही दुसऱ्या कामाला लागली आहेत. आणि आपण मेकॅनिकलचा डिप्लोमा हातात घेऊन प्लग बदलायला गॅरेजवाल्याकडे जातो. वर्षभर दर रविवारी एखाद्या उस्तादाच्या हाताखाली बसून एक इंजिन खोलून परत लावले, तर त्या ९० हजारांतला मोठा भाग मी फी समजेन. तसे बसायचे नसेल आणि पैसे टाकून तयार गाडी हवी असेल, तर अब्बांचे म्हणणे खरे आहे.

आता त्या चार हजारांबद्दल.

पुण्यात तिघांना विचारले. कागद असलेली, न चालणारी, पण पूर्ण पार्ट असलेली रोडकिंग ४० हजारांच्या आसपास जाते, असे तिघांनीही सांगितले. खालाला हे माहीत नव्हते. मला होते. जुन्या गाड्यांच्या दुनियेत याच गोष्टीचा अभिमान मिरवला जातो: म्हाताऱ्या बाईकडून, शेतकऱ्याकडून, विधवेकडून गाडी 'मातीमोल' उचलली. आपणही त्याला 'काय डील मारलीस' म्हणतो. समोरच्याला वस्तूची किंमत माहीत नाही आणि आपल्याला आहे, यात आपले कसब काय? अनोळखी माणसाकडून घेतानाही हे मला पटत नाही. इथे तर खाला होती.

शिवाय खालाने 'ने' म्हटले तरी गाडी एकट्या खालाची नव्हती. खालू गेले त्या दिवशी ती त्यांच्या सगळ्या वारसांची झाली. त्यांचे आई-वडील आधीच वारलेले. खालाचा आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलाचे दोन आणि दोन मुलींचा एकेक वाटा. ४० हजार धरले तर खालाचे ५ हजार, मुलाचे १७ हजार ५००, आणि मुलींचे प्रत्येकी ८ हजार ७५०. मुलाने फोनवर सांगितले होते, देऊन टाका. मुलींना कुणी विचारलेच नव्हते. लग्न होऊन गेल्या, त्यांना मोटारसायकलचे काय करायचे, असेच सगळे धरून चालले होते. जमीन-घरात बहिणींचा हक्क मारला जातो यावर आपण जलशांत टाळ्या वाजवतो, आणि शेडमधल्या गाडीपाशी तोच हक्क आपल्याला दिसत नाही.

गंमत अशी की आरटीओही हेच विचारते. मालक वारला असेल तर गाडी आधी फॉर्म ३१ वर वारसाच्या नावावर होते, मृत्यूचा दाखला लागतो आणि बाकीच्या वारसांची संमती मागितली जाते. ती पायरी गाळून कोऱ्या फॉर्मवर सही घेणारे एजंट आहेत. मयताच्या नावावरची गाडी वर्षानुवर्षे चालवणारेही आहेत. अपघात झाला की मग विमा कंपनी विचारते, गाडी कुणाची?

मी खालाला ४० हजारांचा आकडा सांगितला. ती आधी हसली, तिला मस्करी वाटली. मग गप्प झाली. त्या गाडीवर खालूंनी किती ऊन सोसले, एवढेच म्हणाली. मुलींना मी स्वतः फोन केला. मोठी म्हणाली, विका, पैसे अम्मीला द्या. धाकटी म्हणाली, "मी टाकीवर बसून शाळेत जायची. मला पैसे नकोत. चालू झाली तर एकदा बसव." तिचा वाटा मी तरीही तिच्या हातात देणार आहे. नको असेल तर तिने तो स्वतः सोडावा, दुसऱ्याने तिच्या वतीने सोडू नये.

म्हणून मी गाडी घेणार आहे, ४० हजारांना. ती आधी खालाच्या मुलाच्या नावावर होईल, सगळ्यांच्या सह्यांनी, मग माझ्या. तोवर ती मालेगावातच राहील. जाताना मी प्लग काढून ऑइल सोडले आणि कोंबड्यांसाठी दुसरी जागा केली. उस्तादांनी रविवार दिला आहे, आणि एक अट घातली आहे: इंजिन खोलायचे ते मीच, ते फक्त बाजूला बसणार.

तुमच्याकडेही अशी एखादी खबर आली असेल तर टेम्पो बोलवण्याआधी बुक पाहा आणि शिकवणारा शोधा. विकणाऱ्याला खरी किंमत सांगा. आणि गाडी ज्या घरातली आहे, त्या घरातल्या मुलींना एक फोन करा.