बाईच्या सांधेदुखीचा हिशेब

सुलतानपूर घ्या, नाहीतर लोणार तालुक्यातलं दुसरं कुठलंही गाव. चाळिशीतली बाई ‘सकाळी मूठ वळत नाही’ म्हणाली की निदान तयारच असतं: वात आहे. बाळंतिणीची बोटं सुजली, तर तिनं थंड पाण्यात हात घातला असेल. मग एक सुई, चार गोळ्या, आणि बाई पुन्हा सोयाबीन सोंगायला.

या दुखण्याचं मूळ पुष्कळदा तिच्या रक्तात असतं. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी लैंगिक हार्मोनांचं ऐकतात. इस्ट्रोजेन बी-पेशींना जास्त प्रतिपिंडं बनवायला लावतं, टेस्टोस्टेरॉन दाहाला आवर घालतं. म्हणून बायका अनेक जंतूंशी सरस लढतात. कोविडनं पुरुष जास्त नेले, त्यामागे हेही एक कारण मानतात. पण हीच ताकद कधी स्वतःच्या शरीरावर उलटते. स्वप्रतिकार आजारांच्या दर पाच रुग्णांत सुमारे चार बायका असतात, ल्यूपसमध्ये दहांत नऊ. यात एक्स गुणसूत्राचाही वाटा आहे. तरी हार्मोनांची पातळी बदलली की दुखणंही पालटतं.

अमेरिकेतल्या फिलिप हेंच यांनी 1938 मध्येच नोंदवलं होतं, की गरोदरपणात आमवात हा स्वप्रतिकार आजार ओसरतो. तोच माग काढत पुढे कॉर्टिझोनचं औषध हाती आलं आणि हेंच यांना 1950 चं नोबेल मिळालं. बाळंतपणानंतर हार्मोन झपाट्यानं उतरतात आणि दुखणं पुन्हा उसळतं. दोष थंड पाण्याचा नसतो.

दुखणं शहरी आहे म्हणावं, तर पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये चार हजारांवर प्रौढांची घरोघरी पाहणी केली. दर दोनशेत साधारण एकाला आमवात निघाला, आणि सांध्यांच्या तक्रारी बायकांत जास्त.

हार्मोनांच्या तालावर चालणाऱ्या अशा शरीरातून आपण गर्भाशय किती सहज काढतो! 2019 मध्ये या शस्त्रक्रियांची चौकशी करणाऱ्या नीलम गोऱ्हे समितीपुढे आलेल्या आकड्यांनुसार बीड जिल्ह्यात पाहणी झालेल्या 82 हजारांवर ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. सोबत अंडाशयंही गेली तर इस्ट्रोजेन एकदम तुटतं. ती राखली तरी पाळी जाण्याचं वय अलीकडे येऊ शकतं. इस्ट्रोजेन प्रतिपिंडं वाढवत असलं, तरी ते गेलं की दाह वाढवणारे रेणू मोकाट सुटतात आणि हाडं झिजतात. ‘पिशवी काढली की सुटलीस’ असं सांगणाऱ्यांनी पुढचं दुखणं कोण सोसणार, हेही सांगावं.

आरोग्य खात्यानं एवढं तरी करावं: सांधे दुखतात म्हणून आलेल्या प्रत्येक बाईच्या केसपेपरवर पाळी, बाळंतपण आणि पिशवीचं ऑपरेशन या तीन गोष्टी लिहाव्यात. सकाळचा आखडलेपणा तासाभराहून जास्त टिकत असेल आणि सूज सहा आठवड्यांत उतरत नसेल, तर आरए फॅक्टर आणि सीआरपी या रक्तचाचण्या करून तिला तज्ज्ञाकडे पाठवावं. आमवातावर औषध आहे. पण एकदा वाकडा झालेला सांधा कुठल्याच गोळीनं सरळ होत नाही.