विषयांच्या भिंती आणि नळाचे पाणी

गेल्या महिन्यात शहरातील एका महाविद्यालयात उच्च शिक्षणातील आंतरविद्याशाखीय अध्यापन व संशोधन या विषयावर परिषद झाली. निमंत्रणावरून आम्हीही गेलो होतो. भाषणे चांगली झाली. पण भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आपला निबंध वाचून निघून गेले आणि इतिहासाचे प्राध्यापक जेवणानंतर आले. एकमेकांचे कोणी ऐकलेच नाही!

आम्हाला हसू आले. पण घरी परतताना वाटले, आपल्या शाळेत तरी वेगळे काय चालते? दहावीचा निकाल लागला की आम्ही मुलांना गणित, जीवशास्त्र, वाणिज्य, कला अशा रांगांत उभे करतो. गणितासोबत संस्कृत मागणाऱ्या मुलीला 'वेळापत्रकात बसत नाही' असे उत्तर आम्हीच दिले आहे.

2040 पर्यंत सर्व उच्च शिक्षण संस्थांनी बहुविद्याशाखीय होण्याचे उद्दिष्ट ठेवावे, असे 2020 चे राष्ट्रीय शिक्षण धोरण सांगते. मध्य प्रदेशात 2021-22 पासून पदवीला दुसऱ्या संकायातील विषय घेण्याची सोय झाली. दार उघडले, पण अकरावीपासून एकाच खोलीत बसवलेले मूल त्या दारापर्यंत जाणार कसे?

पालक म्हणतात, "अशाने एक ना धड, भाराभर चिंध्या!" शंका रास्त आहे. पण दामोदर धर्मानंद कोसंबी पाहा. गोव्यात 1907 साली जन्मलेले हे गणिताचे प्राध्यापक. हातोहात फिरून नाणे झिजते, म्हणून त्यांनी प्राचीन नाणी तराजूत तोलली, वजनांना संख्याशास्त्र लावले आणि त्यातून इतिहासाचा काळक्रम शोधला. गणित पक्के होते, म्हणूनच ते इतिहासाच्या कामी आले. आपला विषय सोडा असे आम्ही म्हणत नाही. तो घेऊन शेजारच्या घरी जा, एवढेच म्हणतो.

आणि त्यासाठी लांब कशाला जायचे? आपल्या नळाला येणारे नर्मदेचे पाणी सुमारे 70 किलोमीटरवरून, जलूदहून, घाट चढून येते. ते वर कसे चढते, हे भौतिकशास्त्र सांगेल. विजेचा खर्च कोण भरतो, हे अर्थशास्त्र. आणि ते येथे आणावे म्हणून 1970 साली इंदूरकर रस्त्यावर का उतरले, हे इतिहास आणि नागरिकशास्त्र. एका पेल्यात चार विषय!

येत्या सत्रापासून शनिवारचे शेवटचे दोन तास अकरावीच्या सर्व शाखांना एकत्र बसवावे आणि दोन विषयांच्या शिक्षकांनी वर्गात एकाच वेळी उभे राहावे, असा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवत आहोत. अभ्यासक्रम मागे पडेल, ही आमच्या शिक्षकांची भीती खोटी नाही. म्हणून आधी एक सत्र करून पाहू आणि निकाल मंडळासमोर मांडू.

विद्यार्थी मित्रांनो, तोवर घरी आजोबांना विचारा, नर्मदा येण्यापूर्वी पाणी कोठून भरत होतात? उत्तर लिहून आणा. पहिला तास तेथूनच सुरू करू.