दंतवैद्य व्हावयाचे आहे? गुणपत्रिकेपलीकडे पाहा

वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला की पुष्कळ घरांत एकच चर्चा सुरू होते. एम.बी.बी.एस.ला प्रवेश मिळण्याइतके गुण नाहीत, तर मुलाला अथवा मुलीला बी.डी.एस.ला घालावे काय? या परीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र यांची कसोटी लागते. विद्यार्थ्याच्या हातांची, कानांची आणि वाणीची परीक्षा तेथे कोणी घेत नाही. दंतवैद्याचा व्यवसाय मात्र जन्मभर त्यांवरच चालावयाचा असतो. म्हणून पाच वर्षांच्या या अभ्यासक्रमात पैसा व उमेद घालण्यापूर्वी पालकांनी पुढील गोष्टी घरीच पारखून पाहाव्यात.

पहिली गोष्ट हाताची. दंतमहाविद्यालयात पहिल्याच वर्षी विद्यार्थ्याला मेणाच्या ठोकळ्यातून दाताचा हुबेहूब आकार कोरावा लागतो. पुढे वरच्या दाढांवर काम करताना दाढ प्रत्यक्ष दिसत नाही. लहानशा आरशातील प्रतिबिंब पाहून हत्यार चालवावे लागते. ही सवय सरावाने होते, परंतु बारीक कामाची गोडी आधीपासून असेल तर बरे. रांगोळी, विणकाम, शाडूच्या मूर्ती किंवा घड्याळाची दुरुस्ती यांत जो मुलगा वा मुलगी तासन् तास रमते, तिच्याजवळ या विद्येचे भांडवल आहे असे समजण्यास हरकत नाही.

दुसरी गोष्ट ऐकण्याची. आपल्या मराठीत दातांच्या दुखण्याला किती शब्द आहेत पाहा. थंड पाण्याने दात शिवशिवतो, चिंचेने आंबतो, रात्री दाढ ठणकते, घास चावताना कळ येते. प्रत्येक शब्दामागे दुखण्याचे निराळे कारण असू शकते. रोग्याला मध्येच न तोडता ज्याने हे ऐकले, त्याला निम्मे निदान तेथेच सापडते. परप्रांतात शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने तर पहिल्याच वर्षी तेथील भाषा बोलावयास शिकावे. रुग्णालयात येणारी शेतकरी वृद्धा आपली व्यथा इंग्रजीत सांगणार नाही.

तिसरी गोष्ट समजावून सांगण्याची. तोंड उघडून बसलेल्या माणसाला प्रश्न विचारता येत नाही आणि त्यामुळे त्याची भीती वाढते. लहान मुलांसाठी अमेरिकेतील ॲडलस्टन यांनी 1959 मध्ये एक साधी रीत मांडली : आधी सांगा, मग दाखवा, नंतर करा. यंत्राचा आवाज कसा येईल हे सांगावयाचे, ते मुलाच्या नखाजवळ फिरवून दाखवावयाचे आणि मगच दाताला लावावयाचे. प्रौढांनाही हीच वागणूक हवी असते. धाकट्या भावंडाला गणित न रागावता समजावणारा विद्यार्थी या कामाची पूर्वतयारीच करीत असतो.

चौथी गोष्ट हिशेबाची. पालक तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष देतात. स्वतःचा दवाखाना थाटावयाचा तर खुर्ची, हवेचा दाब देणारे यंत्र, क्ष-किरण यंत्र, निर्जंतुकीकरणाची सोय, जागेचे भाडे, मदतनिसाचा पगार हे सारे आले. त्यासाठी बहुधा कर्जही काढावे लागते. ज्याला जमाखर्च मांडता येत नाही, त्याच्यावर महिनाअखेर हप्त्याचे दडपण येते. मग जी दाढ साफ करून भागले असते, तिच्यावर टोपी बसविण्याचा मोह होतो. रोग्याला यातले काही कळत नसते. तो विश्वासाने मान डोलावतो. हिशेबाची शिस्त ही अशा रीतीने सचोटीची राखणदार ठरते. उपचार कोणते, पर्याय कोणते आणि खर्च किती, हे काम सुरू करण्यापूर्वी स्पष्ट सांगणारा दंतवैद्य एकाच घरातील तीन पिढ्यांचा होतो.

कलकत्त्यात 1920 मध्ये देशातील पहिले दंतमहाविद्यालय उभारणारे डॉ. रफीउद्दीन अहमद हे निष्णात दंतवैद्य तर होतेच. परंतु त्यांनी विद्यार्थी घडविले, 1925 मध्ये दंतवैद्यकाचे नियतकालिक काढले आणि संस्था चालविली. ही कामे निव्वळ हत्यारे चालवून होणारी नव्हती.

निर्णय घेण्यापूर्वी एक सोपा प्रयोग करावा. मुलाला किंवा मुलीला आजी-आजोबांबरोबर ओळखीच्या दंतवैद्याकडे पाठवावे आणि त्यांची परवानगी घेऊन तासभर तेथे बसू द्यावे. घरी आल्यावर काय पाहिले ते विचारावे. केवळ यंत्रांचे व खुर्चीचे वर्णन ऐकावयास मिळाले तर थोडे थांबून विचार करावा. ‘आजी फार घाबरली होती, मग डॉक्टर तिच्याशी असे बोलले,’ असे उत्तर आले, तर गुण चार कमी असले तरी काळजीचे कारण नाही.