लांब तोंडाचा सोबती

विनोदात सगळेच हसरे असून भागत नाही. एक तरी तोंड लांब लागते. जपानी कार्टूनवाल्यांना हे चांगले उमगले आहे. वात्रट पोराच्या पायाशी ते एखादे उदास जनावर बसवतात. २००६ पासून आपल्याकडे हंगामा वाहिनीवर हिंदीतून बोलू लागलेल्या ‘शिनचॅन’मधला शिरो हा पांढरा कुत्रा पाहा. शिनचॅनने त्याला खोक्यातून उचलून घरी आणले खरे. पण त्याला खायला घालायचे, फिरवून आणायचे हे तो सर्रास विसरतो. तरी शिरो बिचारा हुकूम होताच अंगाचे मुटकुळे करून म्हातारीच्या केसांच्या गोळ्यासारखा दिसून दाखवतो. सुट्टीला माजलगावात आलेली नातवंडे खदखदून हसतात. आजोबाही हसतात.

आमच्या लहानपणीचा शिरो मात्र हाडामांसाचा होता आणि सुगीनंतर गल्लीत यायचा. पाठीवर रंगीत झूल, शिंगांना गोंडे, गळ्यात घुंगुरमाळ. मालक गुबुगुबूवर काठी घासत विचारायचा, “औंदा पाऊस पडंल का रं?” नंदीची मान हलायची. “पाटलाच्या पोराचं लगीन व्हईल का?” मान हलायची. “मालकिणीनं सूपभर जोंधळं घालावं का?” या प्रश्नाला मान सगळ्यांत जोरात! बायका तोंडाला पदर लावून हसत. नंदीच्या चेहऱ्यावरची रेघ मात्र हलत नसे. तो हसला असता तर खेळच संपला असता.

पण पावसाचा प्रश्न निघाला की ते हसू थोडे दबके व्हायचे. सिंदफणेवर धरण नव्हते तेव्हा आणि झाल्यावरही, बीड जिल्ह्यात हा प्रश्न कुणी निव्वळ गमतीने विचारत नाही. बैलाला पावसातले काय कळते, हे सगळ्यांना ठाऊक होते. तरी त्याने ‘हो’ म्हटलेले हवे असायचे.

त्या होकाराची गोम नाकातल्या वेसणीत होती. गुबुगुबूचा सूर बदलला, दोरीला हलका हिसका बसला, की मान हलते. (बँकेतल्या कर्जमंजुरीच्या बैठकांत मी असे नंदीबैल पुष्कळ पाहिले, झूल तेवढी नव्हती.) ही शिकवणी काही लाडाने होत नाही. म्हणून ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने, ज्या प्राण्यांना खेळासाठी शिकवता येणार नाही त्यांच्या यादीत बैलाचे नाव घातले, ते मला गैर वाटत नाही.

गैर वाटते ते पुढचे. शर्यतीच्या बैलांसाठी राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मान्यही केली. शर्यतीमागे जमीनजुमला असलेली माणसे होती, जत्रा होत्या, पुढारी होते. नंदीवाला भटक्या जमातीतला; त्याच्यामागे पालातली बायकापोरे. त्याच्या बैलासाठी कुणी विधेयक आणल्याचे ऐकिवात नाही. मी ते आणा असेही म्हणत नाही. पण यादीत नाव घातल्याने बैलाच्या दावणीला वैरण पडत नाही, आणि मालकाच्या झोळीत जे पडते त्यातच दोघांचे भागते. दुष्काळात ती झोळी रिकामी राहिली तर आधी कुणी उपाशी राहायचे, हा प्रश्न त्याला गुबुगुबू वाजवून विचारता येत नाही. शिरोची थाळी रिकामी असली तर ती कागदावर रिकामी असते. इथे फासळ्या मोजता येतात.

अजूनही क्वचित एखादा नंदी येतो. पोरे मोबाइल पुढे करतात, मान हलताना चित्रण करतात आणि पांगतात. आमच्या गल्लीतल्या बायकांचा क्रम वेगळा होता. आधी घमेल्यात पाणी, मग कडब्याची पेंढी. नंदी खात उभा राहायचा, मालक ओट्याला टेकून तंबाखू मळायचा. पावसाचे त्यानंतर विचारायचे.