हँग झालं? मग बॉनेट उघडा!

ऑफिसमध्ये पीसी अडकला की सगळ्यांचा मंत्र एकच. 'रीस्टार्ट मारून बघ.' एचआरची मॅडम म्हणते, अकाउंट्सवाले काका म्हणतात, आणि गंमत म्हणजे शेजारच्या डेस्कवरचा कॉम्प्युटर इंजिनीअरही तेच म्हणतो! पहिल्या दोघांचं ठीक आहे हो. पण या पठ्ठ्याने कॉलेजात अख्खं सेमिस्टर 'ऑपरेटिंग सिस्टीम' नावाचा विषय घासलाय. मार्कही झकास पडलेत. मग हातात उरलं काय, नुसतं पॉवरचं बटण?

विषय मुळात बोअर नाही, उलट सॉलिड आहे. विंडोज असो, लिनक्स असो की मोबाइलमधलं अँड्रॉइड, प्रश्न एकच. प्रोसेसर मोजके, मेमरी मोजकी आणि मागणारे शेकडो. कोणाला आधी द्यायचं, किती वेळ द्यायचं आणि थांबवायचं कोणाला? हा निकाल ऑपरेटिंग सिस्टीम सेकंदाला शेकडो वेळा देते.

कॉलेजबाहेरचं झेरॉक्सचं दुकान आठवा. रांगेत पहिला उभा आहे अख्खं पुस्तक घेऊन, त्याचं काम २० मिनिटांचं. मागे दोघं, प्रत्येकी २ मिनिटांचं काम. आलेल्या क्रमाने घेतलं तर तिघांची थांबण्याची सरासरी १४ मिनिटं. छोटी कामं आधी उरकली तर फक्त २ मिनिटं! फंडा क्लिअर? पण छोट्या कामांची रांग संपलीच नाही, तर पुस्तकवाला बिचारा संध्याकाळपर्यंत उभाच. याला पुस्तकात 'स्टारव्हेशन' म्हणतात, म्हणजे उपासमार. आपल्या छत्रपती संभाजीनगरकरांना ही वेगळी समजवायला नको. ज्या शहराने वर्षानुवर्षं नळाला पाणी कधी चौथ्या, कधी आठव्या दिवशी पाहिलं, त्याला पाळी म्हणजे काय आणि पाइपलाइनच्या टोकाला राहणं म्हणजे काय, हे जन्मतःच ठाऊक. उपायही साधा आहे. जो जास्त वेळ थांबलाय, त्याचा नंबर हळूहळू वर सरकवायचा. त्याचं नाव 'एजिंग'.

मग एवढा जिवंत विषय मेला कुठे? परीक्षेत. आपल्याकडच्या पेपरात गँट चार्ट काढा, सरासरी काढा, डेडलॉकच्या चार अटी लिहा, मार्क घ्या आणि घरी जा. प्रॅक्टिकलला सी भाषेत शेड्युलिंगचा प्रोग्राम लिहायचा आणि तोही बऱ्याचदा सिनिअरच्या जर्नलमधून उतरवलेला. हे म्हणजे खेळण्यातलं इंजिन. खरी ऑपरेटिंग सिस्टीम आतून कशी दिसते, हे न बघताच पोरं पास होतात. ज्या शहराच्या वाळूजमध्ये १९८५ पासून दुचाक्या बनतायत, तिथे मेकॅनिकलचा पोरगा वर्कशॉपमध्ये इंजिन खोलून हात काळे करतो. कॉम्प्युटरवाल्याने मात्र इंजिनाचं फक्त चित्र काढायचं. ये कैसा इन्साफ?

याला एक मस्त इतिहास आहे. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स नावाचे प्राध्यापक होते. १९७६-७७ च्या सुमारास त्यांनी मुलांना युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा खराखुरा कोड ओळ न् ओळ शिकवला. जेमतेम नऊ हजार ओळी. सोबत स्वतःच्या टिपा. पोरं खूश! पण १९७९ मध्ये युनिक्सची सातवी आवृत्ती आली आणि एटी अँड टी कंपनीने लायसन्समध्ये अटच घातली, की हा कोड वर्गात शिकवायचा नाही. झालं! बऱ्याच विद्यापीठांनी कोड बाजूला ठेवला आणि नुसती थिअरी शिकवायला घेतली. लायन्स यांच्या टिपांच्या झेरॉक्स मात्र जगभर चोरून फिरत राहिल्या. (झेरॉक्सवर पास होणारे आपण एकटेच नाही, बरं का!) त्या पुस्तकरूपाने अधिकृतपणे छापून आल्या थेट १९९६ मध्ये.

ॲम्स्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू तानेनबॉम यांना ही बंदी पटेना. त्यांनी सरळ स्वतःचीच छोटी ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली, मिनिक्स. १९८७ मध्ये पाठ्यपुस्तकातच तिचा कोड छापून टाकला. ते पुस्तक हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याने वाचलं, मिनिक्स आपल्या पीसीवर टाकलं, खोललं, वैतागला आणि १९९१ मध्ये स्वतःची सिस्टीम लिहायला बसला. तो लिनस टोरवाल्ड्स आणि त्याची सिस्टीम लिनक्स. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइडच्या पोटात आज तीच आहे.

आता विचार करा. ती बंदी कधीच इतिहासजमा झाली. लिनक्सचा सगळा कोड उघडा आहे. तरी आपल्याकडे थिअरीची सवय सुटत नाही. बंदी गेली, सोवळं राहिलं!

तुम्ही म्हणाल, आता नोकरी लागली, याचं काय करू? तर ऐका. कँपस इंटरव्ह्यूत 'प्रोसेस आणि थ्रेडमध्ये फरक काय' हे पाठ करून सुटता येतं. पण रात्री अकराला पुण्याहून फोन येतो, सर्व्हर रांगतोय, क्लायंट पेटलाय, तेव्हा पाठांतर कामाला येत नाही. समजा, मेमरी कमी पडलीय. मग मशीनचा सगळा वेळ डेटा डिस्कवर टाकण्यात आणि परत आणण्यात जातो, काम होतच नाही. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये याची नीट उकल केली, नाव 'थ्रॅशिंग'. यातली खरी मेख पुढेच आहे. अशा वेळी प्रोसेसर रिकामा दिसतो. तो रिकामा दिसतोय म्हणून आणखी कामं आत घेतली, तर गाडी अजूनच खड्ड्यात. (तुमच्या मॅनेजरची आठवण आली ना?) हे ज्याला कळतं, तो आधी मेमरी बघतो आणि काही कामं बंद करतो. ज्याला कळत नाही, तो रीस्टार्ट मारतो आणि तासाभराने पुन्हा तिथेच. कोड लिहून द्यायला आता एआय आहेच. पण तो कोड मशीनमध्ये का गुदमरतोय, हे विचारायला तरी कळायला हवं की नको?

तर मग वीकेंडचा प्लॅन. पहिलं, टास्क मॅनेजर उघडा आणि नुसतं बघा. किती प्रोसेस, किती थ्रेड, कोण मेमरी खातंय. दुसरं, लिनक्स टाकून 'एसट्रेस' नावाची कमांड चालवा. एखादी फाइल उघडताना प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टीमकडे किती वेळा हात पसरतो, ते डोळ्यांनी दिसेल. तिसरं, जिगर असेल तर 'एक्सव्ही६'. अमेरिकेतल्या एमआयटीने २००६ मध्ये त्याच जुन्या सहाव्या युनिक्सच्या धर्तीवर शिकवण्यासाठी बनवलेली ही चिमुकली सिस्टीम. कोड फुकट, सोबतचं शंभरेक पानांचं पुस्तकही फुकट. त्यातला शेड्युलर, म्हणजे तो पाळी ठरवणारा भाग, जेमतेम काही डझन ओळींचा. तो बदला, पुन्हा चालवा, मोडा, पुन्हा जोडा. वेगळं मशीन नको, साध्या लॅपटॉपवर एम्युलेटरमध्ये चालते. बिघडली तरी लॅपटॉपला धक्का नाही.

आणि घरात धाकटा भाऊ-बहीण उस्मानपुऱ्याच्या गव्हर्न्मेंट इंजिनीअरिंगला, एमजीएमला किंवा विद्यापीठाच्या आवारातल्या नाइलिटमध्ये हा विषय शिकत असेल, तर त्याला जाडजूड 'गॅल्विन' जरूर वाचू द्या. (तीन लेखकांतलं पहिलं नाव सिल्बरशॅट्झ. ते जिभेला झेपेना, म्हणून पोरांनी मधलं उचललं!) गँट चार्टही काढू द्या, मार्क लागतातच. फक्त सबमिशन संपल्यावर एका रविवारी लॅपटॉप घेऊन शेजारी बसा आणि दोघं मिळून तो शेड्युलर उघडा. पहिल्या दिवशी निम्मं डोक्यावरून जाईल. जाऊ दे, पुढच्या रविवारी परत बसा.