मैदानावरील कामगार

खेळ हा विषय आपल्या पक्षाच्या विषयपत्रिकेवर क्वचितच येतो. शेतमजूर, विडी कामगार, गिरणी कामगार यांच्या प्रश्नांवर आपली शिबिरे दोन-दोन दिवस चालतात. परंतु खेळाडूचा विषय निघाला की तो करमणुकीचा, फार तर राष्ट्राभिमानाचा विषय म्हणून बाजूस सारला जातो. वस्तुतः व्यावसायिक खेळाडू हा आपली श्रमशक्ती विकून जगणारा माणूस आहे. त्याच्या श्रमाचे आयुष्य फार तर पंधरा वर्षांचे असते आणि शरीराखेरीज त्याच्यापाशी दुसरे भांडवल नसते. इंडोनेशियातील एका फुटबॉलपटूची कारकीर्द या दृष्टीने तपासून पाहण्यासारखी आहे.

इंडोनेशिया आपल्या चळवळीला परका नाही. १९५३ साली रंगून येथे आशियाई समाजवादी परिषद भरली, तीत आपले आणि शारिर यांच्या पक्षाचे प्रतिनिधी एकत्र बसले होते. परिषदेचे दुसरे अधिवेशन नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईस भरले. त्याच महिन्याच्या अखेरीस मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये इंडोनेशियाच्या संघाने, पुढे सुवर्णपदक मिळवणाऱ्या सोव्हिएत संघाला गोलशून्य बरोबरीत रोखले. फेरसामना त्यांनी ४-० असा गमावला, तरी नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाने तो पहिला सामना आपल्या इतिहासात जपून ठेवला आहे.

तेथे फुटबॉल हा स्वातंत्र्यचळवळीचाच एक भाग होता. १९ एप्रिल १९३० रोजी जोगजाकार्ता येथे सुरातिन या अभियंत्याच्या पुढाकाराने देशी फुटबॉल संघटना स्थापन झाली, ती डच वसाहतवाद्यांच्या संघटनेला उत्तर म्हणून. १९३८ च्या विश्वचषकात आशियातून प्रथमच एक संघ उतरला. पण तो डच ईस्ट इंडीज या नावाने आणि डच ध्वजाखाली. रँस येथे हंगेरीने त्याचा ६-० असा पराभव केला. घाम वसाहतीचा आणि नाव मालकाचे, हा व्यवहार रबराच्या मळ्यांपुरता मर्यादित नव्हता, हे यावरून दिसून येईल.

आता प्रस्तुत खेळाडूकडे वळू. कुर्नियावान द्वी युलिआंतो याचा जन्म १९७६ साली मध्य जावातील मागेलांग येथे झाला. १९९३ साली इंडोनेशियाने निवडक तरुणांचा एक संघ प्रशिक्षणासाठी इटलीस पाठवला आणि तेथील ‘प्रिमावेरा’ या युवक स्पर्धेत खेळवला. या योजनेच्या पाठीशी बाक्री या बड्या उद्योगसमूहाच्या घराण्याचा पैसा होता. कुर्नियावान या संघातून पुढे आला, सांपदोरिया क्लबाच्या नजरेत भरला आणि १९९४-९५ च्या मोसमात स्वित्झर्लंडच्या लुझर्न क्लबाकडून खेळला. विशीही न गाठलेला जावातील एक मुलगा युरोपातील वरच्या श्रेणीत खेळतो, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

परंतु तो तेथे स्थिरावू शकला नाही. तो परतला तो बाक्री समूहाच्याच क्लबात. म्हणजे पाठवणारा धनिक तोच आणि परत आल्यावर कामावर ठेवणाराही तोच. त्याच सुमारास, डिसेंबर १९९५ मध्ये, युरोपीय न्यायालयाने बोस्मान खटल्याचा निकाल दिला आणि करार संपलेल्या खेळाडूला हस्तांतराच्या रकमेशिवाय क्लब बदलण्याची मोकळीक मिळाली. श्रमिकाच्या दृष्टीने हा मोठा विजय होता. तथापि तो युरोपीय समुदायाच्या नागरिकांपुरता होता. आशियाई खेळाडूच्या वाट्याला परवाने आणि परकीयांची मर्यादित संख्या हेच नियम उरले.

मायदेशी काय वाढून ठेवले होते? १९९७ च्या मध्यास एका डॉलरला सुमारे २,४०० रुपिया पडत. वर्षभरात तो भाव १५,००० च्या पलीकडे गेला. २१ मे १९९८ रोजी सुहार्तो पायउतार झाले आणि त्याच आठवड्यात त्या मोसमाची राष्ट्रीय साखळी स्पर्धा विजेत्याविना गुंडाळण्यात आली. कुर्नियावान तेव्हा एकवीस वर्षांचा होता. ज्या वयात खेळाडूची कमाई वाढू लागते, त्या वयात त्याच्या देशाचे चलन कोसळले. तरीही त्याने १९९९-२००० मध्ये मकास्सारच्या आणि २००४ मध्ये सुराबायाच्या संघाबरोबर राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. पुढे तो मलेशियातील सारावाककडून खेळला आणि त्यानंतर स्वदेशातील एका क्लबातून दुसऱ्या क्लबात जात राहिला. चाहत्यांना ही भटकंती वाटेल. अर्थशास्त्राच्या भाषेत तिला हंगामी मजुरी म्हणतात.

या हंगामी मजुरीचे मूळ क्लबांच्या अर्थव्यवहारात आहे. इंडोनेशियातील अनेक क्लब दीर्घकाळ प्रादेशिक सरकारांच्या अंदाजपत्रकावर चालत आणि महापौर वा जिल्हाप्रमुख हेच बहुधा त्यांचे अध्यक्ष असत. आपल्यापैकी काहींना हा समाजवाद वाटण्याचा संभव आहे. तो समाजवाद नव्हता. निवडणुकीपूर्वी मते गोळा करण्यासाठी सार्वजनिक पैशाने चालवलेली ती जहागिरी होती. तिचा हिशेब लोकांना मिळत नसे आणि खेळाडूला तिच्या कारभारात आवाज नसे. २०११ च्या नियमाने व्यावसायिक क्लबांसाठी हा पैसा वापरण्यास बंदी झाली. बंदी योग्यच होती. परंतु तिच्यासोबत वेतनाची कोणतीही हमी आली नाही. त्याच काळात संघटनेतील दुफळीमुळे देशात दोन प्रतिस्पर्धी साखळ्या चालू होत्या. डिसेंबर २०१२ मध्ये सोलो येथे पॅराग्वेचा दिएगो मेंदिएता हा खेळाडू आजारपणात मरण पावला, तेव्हा क्लबाकडे त्याचे कित्येक महिन्यांचे वेतन थकलेले होते. दूरदेशी मजुरीस आलेल्या माणसाचा असा अंत होतो, तेव्हा त्याला केवळ दुर्दैव म्हणून भागत नाही.

पुढे ३० मे २०१५ रोजी सरकार आणि संघटना यांच्या भांडणापायी फिफाने इंडोनेशियाला निलंबित केले. हे निलंबन मे २०१६ मध्ये उठले. मधल्या काळात नामांकित खेळाडू खेड्यापाड्यांतील सामन्यांत, मिळेल त्या बिदागीवर, खेळून दिवस काढीत होते. भांडण वरच्यांचे आणि उपास खालच्यांचा, हे आपल्याला नवे नाही.

परदेशात गेलेला सुटतो, असेही नाही. मेदानचा एगी मौलाना विक्री २०१८ साली पोलंडच्या लेखिया ग्दान्स्क क्लबात गेला, तेव्हा मायदेशी मोठा जल्लोष झाला. प्रत्यक्षात त्याला तेथे थोडेच सामने मिळाले. पुढे तो आणि वितान सुलेमान स्लोव्हाकियाच्या सेनिका क्लबात गेले आणि तो क्लबच २०२२ मध्ये आर्थिकदृष्ट्या कोसळला. दोघेही २०२३ मध्ये मायदेशी परतले. अशा नव्या खेळाडूमागे समाजमाध्यमांवरून लाखो इंडोनेशियन अनुयायी क्लबाकडे येतात. त्या गर्दीचेही बाजारमूल्य असते. ते क्लबाच्या पदरी पडते.

या उलट भांडवलाचा प्रवास पाहा. जारुम या लवंगमिश्रित सिगारेटींच्या उद्योगाचे मालक असलेल्या हार्तोनो बंधूंच्या समूहाने २०१९ मध्ये इटलीचा कोमो क्लब विकत घेतला आणि २०२४ मध्ये तो इटलीच्या सर्वोच्च श्रेणीत पोचला. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड युनायटेडच्या मालकांत एरिक तोहिर आणि बाक्री घराण्यातील अनिंद्या बाक्री यांची नावे आहेत. जावाच्या विडीवजा सिगारेटींतून निर्माण झालेला नफा आल्प्सच्या पायथ्याशी सुखेनैव नांदतो. कुर्नियावानही अलीकडे पुन्हा इटलीत गेला, तो याच कोमो क्लबाच्या प्रशिक्षकवर्गात. त्याचे कौतुक जरूर करावे. मात्र तरुणपणी खेळाडू म्हणून जी भूमी त्याला टिकू देईना, तेथे त्याच्या देशाचे भांडवल मालक म्हणून आधी जाऊन बसले, ही नोंदही करावी.

यावर आक्षेप येईल की, फुटबॉलपटू सुखवस्तू असतो, त्याच्यासाठी अश्रू कशाला? शिखरावरील मूठभरांविषयी हे खरे आहे. परंतु सिनेमातील नायकाच्या मानधनावरून पडद्यामागच्या कामगाराची स्थिती कोणी ठरवीत नाही. पायाचा एक स्नायू फाटला की ज्याची रोजी बुडते, त्याला श्रीमंत म्हणण्यापूर्वी त्याचा करार वाचावा.

हा प्रश्न आपल्या दाराशीही आहे. मुंबईतील महिंद्रा युनायटेड हा संघ मालकांच्या निर्णयाने २०१० मध्ये बंद झाला. २०१६ मध्ये गोव्याचे तीन जुने क्लब राष्ट्रीय साखळीतून बाहेर पडले. २०२५ मध्ये व्यापारी हक्कांच्या करारावरून इंडियन सुपर लीग रखडली, तेव्हा काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती हक्कांच्या किमतीची. पगार थांबलेल्यांच्या घरभाड्याची झाली नाही.

म्हणून काही मागण्या आपण स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. साखळीत उतरण्यापूर्वी प्रत्येक क्लबाने वर्षाच्या वेतनाइतकी रक्कम तारण ठेवावी. दुखापतीचा विमा आणि निवृत्तिवेतन यांचा भार मालकाने उचलावा. खेळाडूंच्या संघटनांना सामुदायिक कराराचा हक्क असावा आणि क्रीडासंघटनांच्या कार्यकारिणीत त्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असावेत. सार्वजनिक पैसा खाजगी क्लबांची तूट भरण्याकडे न जाता शाळांची मैदाने आणि प्रशिक्षक यांच्याकडे जावा. कामगार वस्त्यांत काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी तेथील मैदान कोणाच्या ताब्यात आहे आणि वस्तीतून व्यावसायिक खेळाडू झालेल्या मुलांना पगार वेळेवर मिळतो का, याची चौकशी करावी. संघटनेचे काम तेथून सुरू करता येईल.